मानसोपचाराची आखणी कशी करावी: प्रौढ आणि किशोरवयीन

प्रौढ व्यक्ती मानसोपचारासाठी येते तेव्हा बहुतेक वेळा ती स्वतः ठरवून आलेली असते. किशोरवयीन मुलाला किंवा मुलीला बहुतेक वेळा कुणीतरी घेऊन आलेले असते. तक्रार कोणाची, ध्येय कोणाचे, गुप्तता कोणाशी पाळायची आणि उपचार लागू पडला हे ठरवायचे कोणी, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे या एका फरकामुळे बदलतात. तरीही दोन्ही वयोगटांत कामाचा कणा एकच राहतो, आणि या लेखात तोच मांडायचा आहे: उपचारपद्धतीचे नाव ठरवण्याआधी ही व्यक्ती नेमकी इथे आणि नेमकी आत्ताच का अडकली आहे याचे स्पष्टीकरण लेखी तयार करावे, ते तिच्यासमोर ठेवून तिच्याकडून दुरुस्त करून घ्यावे, आणि पुढची प्रत्येक कृती त्या स्पष्टीकरणातून काढावी. चिकित्सा मानसशास्त्राचे शिक्षण संपवून स्वतंत्रपणे काम सुरू करणाऱ्यांना उद्देशून हे लिहिले आहे. पण स्वतःसाठी किंवा मुलासाठी मदत घ्यावी की नाही या विचारात असलेल्या वाचकालाही, बंद दाराआड काय चालते आणि काय चालायला हवे, हे यातून कळावे.

पहिल्या भेटी: माहिती कशी घ्यावी

प्राथमिक मूल्यमापनाला साधारण 50 मिनिटांच्या एक ते तीन भेटी लागतात, आणि त्या घाईने उरकू नयेत. प्रौढ व्यक्तीला विचारण्याजोगा सर्वांत उपयुक्त प्रश्न म्हणजे "आत्ताच का यावेसे वाटले?" त्रास कित्येक वर्षांचा असतो, पण भेटीची वेळ याच आठवड्यात मागितलेली असते, त्यामागे एखादे भांडण, एखादी बदली, एखादा मृत्यू किंवा मुलाने विचारलेला एखादा प्रश्न असतो, आणि तिथेच बदलाची इच्छा सर्वांत जागी असते. त्यानंतर त्रास अगदी अलीकडे कधी झाला ते विचारून तो एकच प्रसंग सावकाश उलगडावा: कुठे होता, सोबत कोण होते, मनात काय आले, शरीरात काय जाणवले, मग काय केले, आणि ते केल्यावर काय झाले. "का" असे विचारले की माणूस स्वतःबद्दल आधीपासून तयार असलेले मत सांगतो. "कधी" आणि "त्यानंतर काय" असे विचारले की घडलेले सांगतो. आपल्याला घडलेले हवे असते.

शारीरिक कारणे आधी तपासून घ्यावीत, हा नियम या शाखेइतकाच जुना आहे. लायटनर विटमर यांनी 1896 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले, ते एका शिक्षिकेने आणलेल्या, शुद्धलेखनात सतत चुकणाऱ्या 14 वर्षांच्या मुलापासून. आणि विटमर यांना त्या मुलाच्या दृष्टीतच दोष आढळला. आजही थायरॉईडचे विकार, रक्तक्षय, मद्यपान, काही औषधे आणि दीर्घकाळची अपुरी झोप यांमुळे नैराश्यासारखेच चित्र दिसू शकते, तेव्हा डॉक्टरांकडून तपासणी झाली आहे का हे विचारावेच. नैराश्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला, पूर्वी कधी सलग काही दिवस फारच कमी झोपूनही थकवा न जाणवता उत्साह, बोलणे आणि खर्च वाढला होता का, हेही विचारावे. उत्तर होकारार्थी असेल तर द्विध्रुवीय विकाराची शक्यता लक्षात घेऊन मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवण्यात विलंब करू नये, कारण अशा व्यक्तीला केवळ नैराश्यावरचे औषध दिल्यास उन्मादाची अवस्था उफाळू शकते.

प्रश्नावल्या वापराव्यात, पण निदान त्यांच्यावर सोपवू नये. पीएचक्यू-9 या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत 0 ते 27 गुण मिळतात आणि 5, 10, 15 व 20 या पायऱ्यांवर नैराश्याची तीव्रता सौम्य ते तीव्र अशी वाचली जाते. चिंतेसाठी जीएडी-7 मध्ये 0 ते 21 गुण असतात. यांचा खरा उपयोग निदानापेक्षा पुढच्या तुलनेसाठी असतो. मात्र पीएचक्यू-9 मधला नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे, म्हणून ती व्यक्ती समोर बसलेली असतानाच तो वाचावा. बेरीज करून कागद फाईलला लावून देणे इथे धोक्याचे आहे.

आत्महत्येविषयी थेट विचारावे

थेट विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, आणि याबाबतचे संशोधन एकमुखी म्हणावे इतके स्पष्ट आहे. "असे वेडेवाकडे विचार तर येत नाहीत ना?" या प्रश्नात नकाराचे उत्तर आधीच भरवलेले असते, म्हणून तो तसा विचारू नये. "इतका त्रास होत असताना काही जणांना जीव द्यावासा वाटतो, तुम्हाला तसे वाटले आहे का?" असे विचारावे आणि उत्तरासाठी थांबावे. होकार आला तर पुढचे प्रश्न क्रमाने यावेत: हे विचार किती वेळा येतात, काही योजना केली आहे का, साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न झाला होता का, आणि आजवर कशामुळे थांबलात.

त्यानंतर सुरक्षा योजना लिहावी. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी तयार केलेल्या योजनेच्या सहा पायऱ्या आहेत: धोक्याची पूर्वलक्षणे, एकट्याने करता येण्याजोगे उपाय, मन दुसरीकडे वळवणारी माणसे आणि ठिकाणे, ज्यांच्याकडे मदत मागता येईल अशी जवळची माणसे, तज्ज्ञ आणि तातडीच्या सेवा, आणि जीव घेण्याची साधने दूर करणे. शेवटची पायरी अनेकदा राहून जाते, आणि नेमकी तीच फार महत्त्वाची आहे, कारण आत्महत्येची तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोडाच काळ टिकते आणि त्या काळात साधन हाताशी नसणे जीव वाचवू शकते. घरातली औषधे, कीटकनाशके किंवा शस्त्रे कोणाच्या ताब्यात राहतील हे त्याच भेटीत ठरवून घ्यावे. "मी असे काही करणार नाही" असे लिहून घेण्याची जुनी प्रथा मात्र सोडून द्यावी. तिच्या उपयोगाचा पुरावा नाही. उलट सही केलेली व्यक्ती पुढच्या वेळी खरे सांगायला कचरते.

किशोरवयीन व्यक्तीशी पहिली भेट

जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 हे वय किशोरावस्थेचे मानते. अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणाच्या 2005 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आयुष्यात होणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते. या वयातली मदत म्हणूनच मोलाची आहे, आणि पहिलीच भेट बिघडली तर ते मूल पुढची कित्येक वर्षे कुणाकडेही जाणार नाही ही शक्यताही तितकीच खरी आहे.

पहिल्या भेटीचे तीन भाग करावेत. सुरुवातीला पालक आणि मूल दोघेही खोलीत असावेत, आणि गुप्ततेचे नियम दोघांच्या समक्ष, एकाच भाषेत सांगावेत. शब्द साधारण असे असू शकतात: "तू मला जे सांगशील ते तुझ्या परवानगीशिवाय मी आईबाबांना सांगणार नाही. तीन गोष्टी याला अपवाद आहेत: तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळे दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुला इजा करत असेल. तशी वेळ आलीच तर काय सांगायचे आणि कसे सांगायचे ते आधी तुझ्याशी बोलून ठरवू." मग पालकांकडे वळून, मैत्री, भांडणे, आवडनिवड आणि चुका यांविषयी तुम्हाला माझ्याकडून तपशील मिळणार नाही, पण उपचार कोणत्या दिशेने चालला आहे हे ठरावीक अंतराने कळत राहील, असे स्पष्ट सांगावे. अल्पवयीनांच्या संमतीचे आणि कोणती माहिती कळवणे बंधनकारक आहे याचे कायदे ठिकठिकाणी वेगळे असतात. आपल्या कार्यक्षेत्रातला कायदा पाठ असल्याशिवाय किशोरवयीनांबरोबर काम सुरू करू नये.

दुसरा भाग मुलाबरोबर एकट्याने. "तुला इथे कुणी आणले, आणि तुझ्या मते त्यांना काय बदलायला हवे आहे?" असे विचारले की बहुतेक मुले अचूक उत्तर देतात. मग विचारावे, "आणि तुला स्वतःला काय बदलले तर बरे वाटेल?" आईची तक्रार मोबाईलची असते आणि मुलीची तक्रार, घरात तिचे कुणी पूर्ण ऐकून घेत नाही, ही असते. करार मुलीच्या तक्रारीवर करावा. पालकांची तक्रार त्या वाटेने आपोआप टेबलावर येते. "मला इथे यायचेच नव्हते" या वाक्यावर समजूत घालत बसू नये. न विचारता आणल्याचा राग योग्यच आहे हे मान्य करावे आणि तीन भेटींनंतर चालू ठेवायचे की नाही हे तिलाच विचारले जाईल, असे सांगावे, आणि तीन भेटींनंतर खरोखर विचारावे.

माहिती घेताना प्रश्न सोप्याकडून नाजुकाकडे न्यावेत. हेड्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलाखतीत हाच क्रम आहे: घर, शिक्षण, छंद आणि मित्रमैत्रिणी, व्यसने, लैंगिकता, आणि शेवटी आत्महत्या व नैराश्य. किशोरवयातले नैराश्य दुःखापेक्षा चिडचिडीच्या रूपात दिसू शकते आणि निदानाचे निकषही ते मान्य करतात, त्यामुळे "उद्धट झाला आहे" हे पालकांचे वाक्य ऐकल्यावर झोप, भूक, एकाग्रता आणि आवडत्या गोष्टींतला रस यांची चौकशी करावी. झोपेबाबत आणखी एक गोष्ट: या वयात शरीराचे घड्याळच उशिराकडे सरकते, आणि 13 ते 18 या वयात 8 ते 10 तास झोपेची गरज असते. रात्री उशिरा झोप येणे आणि सकाळी उठता न येणे यात आळसाचा वाटा पालकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो.

तिसरा भाग पालकांबरोबर: जन्मापासूनचा वाढीचा इतिहास, घराण्यातले मानसिक आजार, आणि आतापर्यंत त्यांनी काय काय करून पाहिले. ते करताना त्यांना आलेला थकवा आणि अपराधीपणा यांचीही दखल घ्यावी. दोष आपल्याला लावला जाणार अशी भीती पालकांना वाटली तर उपचार मध्येच थांबतो.

मांडणी: सगळ्या कामाचा पाया

आता ते स्पष्टीकरण लिहायचे, ज्याला या क्षेत्रात प्रकरणाची मांडणी म्हणतात. त्यात पाच गोष्टी याव्यात: सध्याचा त्रास, त्याला पूर्वीपासून पोषक ठरलेल्या गोष्टी, तो सुरू करणारा प्रसंग, तो टिकवून धरणाऱ्या गोष्टी, आणि व्यक्तीच्या बाजूने असलेली बळे. यांपैकी चौथी सर्वांत महत्त्वाची मानावी. त्रास कशामुळे सुरू झाला ते बदलता येत नाही, तो कशामुळे चालू राहिला आहे ते मात्र बहुधा बदलता येते. आणि नवशिक्या थेरपिस्टचा बराचसा वेळ बालपणाच्या शोधात जाऊन हा भाग कोरा राहतो.

समजा, 15 वर्षांची एक मुलगी दोन महिने शाळेत जात नाही. सकाळी पोट दुखते, डॉक्टरांना काही आढळलेले नाही. पोट दुखले की आई घरी राहू देते, तासाभरात पोट थांबते, आणि "घरी राहिले की बरे वाटते" हे मुलीचे शरीर शिकते. अभ्यास मागे पडतो, मैत्रिणी चौकशी करतात आणि त्यांना काय सांगायचे हा प्रश्न उभा राहतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची शाळा आदल्या दिवसापेक्षा जास्त भीतीदायक होते. वडील चिडतात, आई मुलीची बाजू घेते, आईवडिलांचे भांडण होते, आणि घरातल्या या भांडणाला आपणच कारणीभूत आहोत असे वाटून मुलगी आणखी खचते. हे चक्र कागदावर बाणांनी काढून मुलीपुढे ठेवावे आणि "यात काय चुकले आहे?" असे विचारावे. ती पेन हातात घेऊन एखादा बाण खोडते किंवा नवा काढते, तेव्हा मांडणी तिची होते.

पण इथे थांबून एक तपासणी करायलाच हवी. शाळेत न जाण्यामागे आईपासून दूर राहण्याची भीती असू शकते, परीक्षेची किंवा चारचौघांत बोलण्याची भीती असू शकते, नैराश्य असू शकते, किंवा वर्गात कुणी तिचा छळ करत असू शकते. वरून चारही चित्रे सारखीच दिसतात. भीती हे कारण असेल तर हळूहळू शाळेत परतणे हा उपचार आहे. छळ हे कारण असेल आणि तो थांबवण्याची व्यवस्था न करता तिला तोच उपचार दिला, तर आपण तिला धोक्यात परत पाठवत आहोत. लक्षण पाहून तंत्र निवडण्याला माझा विरोध आहे तो यामुळेच. ज्याला प्रत्येक चिंतेवर श्वासाचे व्यायाम आणि प्रत्येक उदासीवर विचारांची नोंदवही एवढेच सुचते, त्याने माणसाकडे नीट पाहिलेलेच नसते.

पद्धत कशी निवडावी

मांडणी हाती आल्यावर निवड बरीच सोपी होते. मध्यम नैराश्यात आरन बेक यांनी 1960 च्या दशकात विकसित केलेला, विचार तपासून पाहण्यावर भर देणारा बोधात्मक उपचार, नातेसंबंधांवर लक्ष देणारा आंतरव्यक्तिक उपचार, आणि कृतिशीलता वाढवण्याचा उपचार या तिन्हींना चांगला पुरावा आहे. 1996 साली नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की केवळ कृतिशीलतेचा भाग दिला तरी संपूर्ण बोधात्मक उपचाराइतकाच परिणाम मिळू शकतो. म्हणून जी व्यक्ती अंथरुणातून उठत नाही, तिच्याशी विचारांवर वाद घालण्याआधी सकाळी दहा मिनिटे घराबाहेर जाण्याचे ठरवावे. मंत्रचळात, म्हणजे ओसीडीमध्ये, भीतीला सामोरे जाणे आणि ती शमवण्यासाठी वारंवार केली जाणारी कृती रोखणे हा मुख्य उपचार आहे. व्हिक्टर मेयर यांनी 1966 साली त्याची सुरुवात केली. स्वतःला वारंवार इजा करणाऱ्या आणि भावना अनावर होणाऱ्या व्यक्तींसाठी मार्शा लिनहान यांचा, भावना हाताळण्याची कौशल्ये शिकवणारा डीबीटी (द्वंद्वात्मक वर्तन उपचार) हा उपचार आहे. त्याच्या किशोरवयीनांसाठीच्या स्वरूपात पालकही कौशल्यांच्या वर्गाला बसतात.

औषधांचा प्रश्न टाळू नये. 2004 सालच्या टॅड्स या अभ्यासात 12 ते 17 वयोगटातल्या नैराश्यग्रस्त 439 मुलामुलींमध्ये 12 आठवड्यांनंतर, फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध आणि सीबीटी (बोधात्मक वर्तन उपचार) एकत्र दिलेल्या गटात 71 टक्के, फक्त फ्लुओक्सेटिन घेणाऱ्यांत 61 टक्के, फक्त सीबीटी घेणाऱ्यांत 43 टक्के आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत 35 टक्के मुलांमध्ये लक्षणीय सुधारणा दिसली. चिंता विकारांवरच्या 2008 सालच्या कॅम्स या अभ्यासातही एकत्र उपचाराचा गट 81 टक्क्यांसह पुढे होता, मात्र तिथे एकटी सीबीटी 60 टक्के आणि एकटे सर्ट्रालिन हे औषध 55 टक्के अशी जवळपास बरोबरी होती. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या किशोरवयीन व्यक्तीच्या पालकांना "आधी बोलून पाहू, औषधांचे नंतर" असे सरसकट सांगणे म्हणूनच योग्य नाही. मनोविकारतज्ज्ञांचे मत घ्यावे, आणि औषध सुरू झालेच तर पहिल्या काही आठवड्यांत आत्मघाती विचारांवर विशेष लक्ष ठेवावे.

सत्र कसे चालवावे

प्रौढांबरोबरच्या सत्राला ढोबळ चौकट असावी. पहिल्या काही मिनिटांत गेला आठवडा आणि मनःस्थिती, मग आज कशावर बोलायचे हे दोघांनी ठरवणे, मागच्या वेळी ठरलेल्या कामाचा आढावा, मुख्य विषय, पुढच्या आठवड्याचे काम, आणि शेवटी "आजच्या बोलण्यात काय उपयोगी वाटले, काय खटकले?" हा प्रश्न. ठरलेल्या कामाचा आढावा एकदा जरी विसरला, तरी ते काम महत्त्वाचे नव्हते असा निरोप जातो. काम न करता आलेल्या व्यक्तीला जाब विचारू नये. कोणत्या क्षणी ते राहिले हे शोधावे, कारण ती अडचण बहुधा मूळ त्रासाचीच असते.

विचारांवर काम करताना उत्तर आपण देऊ नये. "मी सगळ्यांना निराश केले" असे कुणी म्हटले तर "नाही हो, तसे नाही" हे उत्तर नात्यातल्या माणसांनी आधीच पुष्कळदा दिलेले असते आणि त्याचा उपयोग झालेला नसतो. "सगळ्यांमध्ये कोण कोण येते? त्यांच्यापैकी कुणी तसे म्हटले आहे? तुमच्या बहिणीच्या बाबतीत हेच घडले असते तर तुम्ही तिच्याविषयी काय म्हणाला असता?" असे प्रश्न एकेक करून, उत्तराची खरी उत्सुकता ठेवून विचारावेत. उलटतपासणीचा सूर लागला की व्यक्ती आपला विचार आणखी घट्ट धरते. आणि कधी कधी तो विचार खराच असतो: नोकरी खरोखर गेलेली असते, माणूस खरोखर सोडून गेलेला असतो. तिथे विचार दुरुस्त करायचा नसतो. दुःखाला जागा द्यायची असते आणि अडचण सोडवायला मदत करायची असते.

किशोरवयीनांबरोबर चौकट लवचीक ठेवावी. समोरासमोर बसून पाऊण तास डोळ्यांत पाहून बोलणे अनेक मुलांना असह्य होते; शेजारी बसून एकाच कागदावर काही लिहिताना किंवा काढताना ती जास्त बोलतात. अमूर्त शब्द कमी वापरावेत आणि भीतीला 0 ते 10 असा आकडा द्यायला लावावा. नोंदी वहीऐवजी फोनमध्ये केल्या तरी चालतील. त्यांची भाषा उसनी घेऊन त्यांच्या वयाचे होण्याचा प्रयत्न करू नये. मुलांना तो लगेच ओळखू येतो. बोलण्यापेक्षा गप्प राहणाऱ्या मुलाची शांतता ही विरोध आहे, लाज आहे की केवळ शब्द न सापडणे आहे, हे विचारून घ्यावे आणि दोनतीन पर्यायांपैकी एक निवडायला सांगावे.

भीतीला सामोरे जाण्याचा सराव

या तंत्राविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण चिंता विकारांत ते सर्वांत परिणामकारक तंत्रांपैकी एक आहे आणि तरीही व्यक्तीला त्रास होईल या भीतीने थेरपिस्टच ते टाळतात. आधी कारण समजावून सांगावे: टाळल्याने भीती तात्पुरती कमी होते, पण आपण घाबरतो ते प्रत्यक्षात घडते का, आणि घडले तर आपल्याला झेपते का, हे शिकण्याची संधी दर वेळी हुकते. मग भीतीच्या प्रसंगांची यादी करून प्रत्येकाला आकडा द्यावा. वर उल्लेखलेल्या मुलीची भीती छळाची नसून वर्गात उत्तर देता न येण्याची आहे असे ठरले, तर यादीत शाळेच्या फाटकापर्यंत जाणे, सुटीच्या वेळी ग्रंथालयात एक तास बसणे, एका आवडत्या तासाला वर्गात बसणे, आणि मुद्दाम चुकीचे उत्तर देणे अशा पायऱ्या येतील.

प्रत्येक सरावाआधी तिच्याकडून भाकीत लिहून घ्यावे: "मी चुकले तर सगळे हसतील आणि मला रडू आवरणार नाही." सराव झाल्यावर ते भाकीत आणि प्रत्यक्ष घडलेले शेजारी ठेवावे. भीती खाली येईपर्यंत थांबलेच पाहिजे हा जुना आग्रह आता तितका धरला जात नाही. अपेक्षा आणि अनुभव यांतली तफावत लक्षात येणे जास्त महत्त्वाचे मानले जाते. सरावाच्या वेळी पाण्याची बाटली घट्ट धरणे, आईला सतत संदेश पाठवणे, उत्तर मनात दहादा घोकणे अशा सुरक्षिततेसाठीच्या लहान कृतींवर लक्ष ठेवावे आणि त्या क्रमाने सोडायला लावाव्यात, नाहीतर "बाटली होती म्हणून निभावले" एवढेच शिकणे होते. पहिला सराव सत्रातच, आपल्या सोबतीने व्हावा. आणि पायरी कोणती चढायची हे शेवटी तिने ठरवावे. फसवून किंवा ढकलून करवलेला सराव हा उपचार राहत नाही.

पालकांना कुठे आणि किती घ्यावे

वय जितके लहान आणि त्रास टिकवण्यात घरातल्या प्रतिक्रियांचा वाटा जितका मोठा, तितका पालकांचा सहभाग जास्त. चिंताग्रस्त मुलाच्या घरी सगळे कुटुंब भीतीभोवती जुळवून घेत असते: मुलाऐवजी आई फोन करते, वडील रोज तेच आश्वासन दहादा देतात. हे प्रेमातून घडते आणि त्यानेच भीती टिकते. पालकांना एका वेळी एकच जुळवून घेणे कमी करायला सांगावे, मुलाला आधी कळवून, आणि "तुला भीती वाटते हे मला कळते, आणि तुला हे झेपेल यावर माझा विश्वास आहे" अशी दोन्ही अर्धी असलेली वाक्ये शिकवावीत. केवळ पहिले अर्धे बोलणारा पालक सांभाळत राहतो, केवळ दुसरे बोलणारा दटावत राहतो.

पालकांचा निरोप मुलाला किंवा मुलाचा निरोप पालकांना पोचवण्याचे काम स्वीकारू नये. तसा आग्रह झाला तर एकत्र भेट ठेवावी आणि मुलाने काय सांगायचे याची आधी तालीम करून घ्यावी. "तिला हे सांगू नका, पण..." अशी सुरुवात करणारा पालकांचा फोन आला तर वाक्य पूर्ण होण्याआधीच थांबवून, मला कळवलेले मी मुलीला सांगू शकते किंवा शकतो ही माझी अट आहे, याची आठवण द्यावी. आईवडिलांमध्ये वाद असेल तर त्यांना स्वतंत्र थेरपिस्टकडे पाठवावे. मुलाचा थेरपिस्ट पंच होऊ लागला की मुलाला सुरक्षित जागा उरत नाही.

सुधारणा होत नसेल तेव्हा

एडवर्ड बोर्डिन यांनी 1979 साली उपचारातल्या नात्याचे तीन भाग सांगितले: ध्येयाविषयी एकमत, ते गाठण्यासाठी करायच्या कामाविषयी एकमत, आणि परस्परांविषयीची आपुलकी. अडलेल्या उपचारात बहुधा यांपैकी एक तुटलेले असते, आणि तिसऱ्यापेक्षा पहिली दोन जास्त वेळा. उशिरा येणे, वेळ पुढे ढकलणे, अचानक फारच सहमत होणे ही त्याची चिन्हे आहेत. अशा वेळी तंत्र बदलण्याची घाई न करता "मागच्या दोन भेटींत माझे काही खटकले का?" असे मोकळेपणाने विचारावे आणि उत्तर आले तर स्वतःचा बचाव करू नये. प्रौढांपैकी साधारण पाचांतला एक जण उपचार अर्धवट सोडतो. त्यांतले कितीतरी जण हा प्रश्न वेळेवर विचारला असता तर थांबले असते, असे मला वाटते.

प्रश्नावली दर भेटीला किंवा एकआड भेटीला भरून घ्यावी आणि आकडे दोघांनी मिळून पाहावेत. आपल्या क्लायंटची प्रकृती बिघडते आहे हे ओळखण्यात केवळ अंदाजावर विसंबणारे थेरपिस्ट कमी पडतात, आणि नियमित मोजमाप दाखवल्याने नेमक्या अशाच प्रकरणांत फायदा होतो, हे मायकल लॅम्बर्ट यांच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. चार ते सहा भेटींत काहीच हालचाल नसेल तर मांडणीचा कागद पुन्हा काढावा: व्यसन, घरातली हिंसा, न ओळखलेले अवधान-विकार किंवा अध्ययन-अक्षमता, न सांगितलेला आघात यांपैकी काही राहिले आहे का? मग अनुभवी सहकाऱ्याला ते प्रकरण ओळख न सांगता दाखवावे. त्यानंतरही मार्ग दिसत नसेल तर दुसऱ्याकडे पाठवावे, पण नाव आणि वेळ नक्की करून. "दुसरीकडे जा" एवढेच ऐकणाऱ्या माणसाला आपल्याला कुणीच घेत नाही असे वाटते.

उपचार कधी आणि कसा संपवावा

संपण्याविषयी पहिल्याच भेटीत बोलावे. सीबीटीला साधारणपणे 12 ते 20 भेटी लागतात. डीबीटीचा पूर्ण क्रम याहून बराच मोठा असतो. ध्येये गाठत आली की भेटींमधले अंतर आठवड्यावरून पंधरवड्यावर आणि मग महिन्यावर न्यावे, आणि या काळात निर्णय अधिकाधिक त्या व्यक्तीने घ्यावेत. शेवटच्या दोन भेटींत एक कागद तिच्याच शब्दांत लिहून घ्यावा: त्रास परतू लागला तर पहिली चिन्हे कोणती असतील, आधी काय करून पाहायचे, घरात कुणाला सांगायचे, आणि किती दिवसांत फरक पडला नाही तर परत यायचे. किशोरवयीन व्यक्तीसाठी या कागदाच्या दोन प्रती असाव्यात, एक तिची आणि एक पालकांसाठी. पालकांच्या प्रतीत काय लिहायचे ते तिने निवडावे. शाळा बदलणे, मोठ्या परीक्षा, घर सोडून शिकायला जाणे हे ठरलेले धोक्याचे काळ असतात, म्हणून तशा तारखा आधीच माहीत असतील तर त्यांच्या महिनाभर आधीची एक भेट निरोपाच्या दिवशीच नोंदवून ठेवावी.